भाच्यावर फेडरल केस, आणि 'सरकारी वकील' या शब्दावरून घरात पेटलेलं भांडण

ओहायोतला_वाईकर

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ताईला विचारूनच लिहितोय. नाव, कॉलेज, शहर काढून टाकलंय, कृपया कोणी खोदू नका. मी वकील नाही. गेल्या आठ महिन्यांत जे पाहिलं आणि जिथे चुकलो तेवढंच सांगतो.

भाचा २३ वर्षांचा, मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात. कॅम्पसवरचं काम सुटलं आणि टेलिग्रामवर 'पार्सल पिकअप'चं काम मिळालं. एका फेरीचे ८०० डॉलर. फोनवर पत्ता येणार, याने गाडी घेऊन जायचं, दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला एक ठरलेला शब्द सांगायचा, खोकं घ्यायचं आणि तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. चौथ्या फेरीला त्या आजींच्या स्वयंपाकघरात शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, माणसं बसली होती. खोक्यात, फोनवरून फसवून मागवलेल्या नोटांऐवजी, वर्तमानपत्रं.

पहिला दिवस काउंटीच्या कोठडीत गेला. दुसऱ्या दिवशी फेडरल एजंट आले. आरोप वायर फ्रॉडच्या (फोन-इंटरनेटवरून फसवणुकीच्या) कटाचा, कागदावर कमाल शिक्षा २० वर्षं. वाईत ताईला कुणीतरी ती बातमी पाठवली. तिने त्यातलं फक्त '२०' वाचलं.

त्याला ठाऊक होतं का, हे सगळे विचारतात. पहिल्या फेरीला कदाचित नसेल. दुसरीनंतरही नव्हतं असं मी म्हणणार नाही. खोकं उचलायचे ८०० डॉलर कोणी देत नाही.

आता मूळ मुद्दा. कोर्टाने त्याला फेडरल पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसातली वकीलबाई दिली. मी घरी फोन करून सांगितलं, "सरकारी वकील मिळालाय." झालं. भावजी ओरडले, "अरे सरकारी वकील तर आपल्या विरुद्ध असतो!" त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे सरकारी वकील म्हटलं की डोळ्यासमोर उज्ज्वल निकम उभे राहतात. दोन दिवसांत भावजींनी रानातले वीस गुंठे विकायला काढले. इथला एक खाजगी वकील मी फोनवर विचारला, तो सुरुवातीलाच ६०,००० डॉलर मागत होता.

इथे कोणी या वाटेने गेलंय का? खाजगी घ्यावा की आहे तो बरा?

मिसळीचा_तर्रीवाला

वाचतोय. एक शंका. फेडरल म्हणजे आपल्याकडची सीबीआय समजायची का?

दुभाषी_परदेशी

@तर्रीवाला, अर्धंच बरोबर. इथे राज्याची कोर्टं वेगळी आणि देशाची वेगळी. देशाच्या जिल्हा कोर्टांची संख्या ९४. एकच खोकं दोन्हीकडे गुन्हा ठरू शकतं. फोन राज्याबाहेरून आला, पैसा बाहेर गेला, की फेडरलवाल्यांना हात घालता येतो. आणि ते सहसा तयारी करूनच हात घालतात.

@वाईकर, मी कोर्टात दुभाषाचं काम करतो. हिंदी, मराठी, थोडी गुजराती. केसेस ओळखू येणार नाहीत एवढं बदलून सांगतो.

आधी वकिलाचं. गरिबाला वकील मिळालाच पाहिजे हा इथल्या सुप्रीम कोर्टाचा गिडियन खटल्यातला निकाल १९६३ चा, आणि फेडरल कोर्टात वकिलाचे पैसे कोण देणार ते ठरवणारा कायदा १९६४ चा. पब्लिक डिफेंडरचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, पण तो माणूस पूर्णपणे आरोपीचा. गुपितं फोडली तर त्याची सनद जाईल. ही मंडळी फक्त फेडरल केसेस करतात, रोज त्याच जजसमोर उभी राहतात, ऑफिसात स्वतःचे तपासनीस असतात. तुम्ही ज्याला ६०,००० देणार होतात तो वर्षाला किती फेडरल केसेस घेतो ते आधी विचारा. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसेस करणारा वकील शिक्षेच्या गणिताचं पुस्तक पहिल्यांदाच उघडत असेल, तर वीस गुंठे त्याच्या शिकवणीत जातील.

एकाच केसमध्ये अनेक आरोपी असतील तर ते ऑफिस एकालाच घेतं, बाकीच्यांना पॅनेलवरचे खाजगी वकील मिळतात. त्यांना कोर्ट तासाप्रमाणे पैसे देतं, २०२४ मध्ये दर १७२ डॉलर होता. त्यातही उत्तम माणसं पाहिलीत. एकदोन नुसती ओ देणारीही पाहिली.

आणि कृपा करून घरी 'सरकारी वकील' म्हणू नका. 'कोर्टाने दिलेला आपला वकील' म्हणा.

सडेतोड

माझं मत कडू लागेल. म्हाताऱ्या लोकांची आयुष्याची पुंजी लुटणाऱ्या टोळीचा हा हमाल. त्याच्यासाठी धागा कशाला? आई-बापांनी जमीन विकायचीच असेल तर त्या आजींना पैसे द्यायला विकावी.

ॲरिझोनाची_मावशी

सडेतोड यांचा सूर मला आवडला नाही, पण मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणून लिहिते. आमच्या शेजारच्या बाई, वय ७८, त्यांचे ४०,००० डॉलर असेच गेले. कॅशियरने दोनदा विचारलं, एवढी कॅश कशाला? बाई म्हणाल्या, छपराचं काम काढलंय. कारण फोनवरच्याने तसंच सांगायला शिकवलं होतं. लाजेपायी दोन महिने मुलीलाही सांगितलं नाही. मला कळलं ते त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं तेव्हा. खर्च कमी करतेय म्हणाल्या.

त्यांच्याही दारात एक पंचविशीतला मुलगा आला होता. त्यांना त्याचा चेहरा आठवतो. फोनवरच्याला त्यांनी पाहिलेलाच नाही.

ओहायोतला_वाईकर

मावशी, हे मी ताईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही.

सडेतोड, तुमचं मला कळतं. तो सुटावा असं मी म्हणतच नाही. त्याने जे केलं ते आणि टोळीने जे केलं ते, यातला फरक कुणीतरी मोजावा एवढंच म्हणतोय. ते मोजणं म्हणजेच इथे बचाव, हे मलाही उशिरा कळलं.

@दुभाषी, आभार. जमीन तूर्त थांबवली. तसे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे अडचण पाठवण्याची नव्हती. भावजींना फक्त 'आम्ही काहीतरी केलं' असं वाटायला हवं होतं.

दिवाणी_फौजदारी (पुणे)

मी इथल्या सत्र न्यायालयात वकिली करतो, अमेरिकेचं ज्ञान पुस्तकी. एक प्रश्न. तुमचा भाचा एजंटांशी बोलला का?

ओहायोतला_वाईकर

बोलला. दोन तास. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क सोडतो असा कागद पुढे ठेवला, त्याने सही केली. का केलीस विचारलं तर म्हणाला, "मामा, फॉर्म पुढे आला की सही करायची सवय झालीय." व्हिसा, बँक, भाडेकरार, सगळीकडे सहीच. वर त्यांनी कॉफी दिली, चांगले बोलले. हा म्हणाला, "माझी पहिलीच वेळ." फोनमध्ये आधीच्या तीन फेऱ्यांचे पत्ते होते.

दिवाणी_फौजदारी

वाटलंच होतं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी साक्षीपुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. मारून वदवून घेतात हे इंग्रजांनाही माहीत होतं म्हणून ते कलम आलं. त्यामुळे पोलिसांसमोर काहीबाही बोलून वेळ मारून न्यायची आणि कोर्टात नाकारायचं, ही आपल्याकडची पिढीजात रीत. तिकडे हक्क वाचून दाखवल्यावर बोललेला प्रत्येक शब्द ज्यूरीपुढे येऊ शकतो.

दुभाषी_परदेशी

आणि खोटं बोलणं हा इथे स्वतंत्र गुन्हा. शपथ नको, सही नको, कोर्टही नको. फेडरल एजंटाला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं की पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मार्था स्टुअर्ट आठवतात? टीव्हीवर केक करणाऱ्या. २००४ मध्ये त्यांना पाच महिन्यांची कैद झाली. शेअर बाजारातल्या फसवणुकीचा मोठा आरोप जजनेच काढून टाकला होता. शिक्षा झाली ती तपासात खोटं बोलल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल.

एफबीआयचे एजंट बहुधा जोडीने येतात. एक बोलतो, एक लिहितो. ऑफिसात जाऊन त्याचा अहवाल टाइप होतो, त्या फॉर्मचा नंबर ३०२. घरी दारात येऊन बोलले असतील तर अनेकदा रेकॉर्डिंग नसतं. तुम्ही काय म्हणालात याचा पुरावा म्हणजे त्यांनी काय लिहून घेतलं ते. आणि आपण? आपल्याकडे दारात माणूस आला की आधी पाणी, मग 'बसा', मग चहा. मी एका गृहस्थांच्या केसमध्ये पाहिलं, एजंटांना पोहे खायला घातले होते. अहवालात पोह्यांचा उल्लेख नाही. बाकी सगळं आहे.

"माझा वकील आल्याशिवाय मी बोलणार नाही." एवढं एकच वाक्य. नम्रपणे म्हणा, चहा हवा तर द्या, पण वाक्य तेवढंच.

बेंचवरचा

मी आयटीवाला. आमच्या कंपनीत व्हिसाच्या कागदांवरून चौकशी सुरू आहे. कंपनीने वकील लावलाय, तो आम्हा एकेकाला बोलावून विचारतोय. म्हणतो, घाबरू नका, मोकळेपणाने सांगा. तो आमचाच वकील ना?

दुभाषी_परदेशी

नाही. तो कंपनीचा. बैठकीच्या सुरुवातीला त्याने एक छोटा परिच्छेद घाईघाईत वाचला असेल: मी कंपनीचं प्रतिनिधित्व करतो, हे बोलणं गुप्त आहे पण ती गुप्तता कंपनीच्या मालकीची आहे. १९८१ च्या अपजॉन खटल्यावरून त्याला नाव पडलंय. त्याचा अर्थ असा, की उद्या कंपनीला वाटलं तर तुमचं बोलणं ती सरकारला देऊ शकते. स्वतःचा वकील करा, तासाभराच्या सल्ल्यापुरता का होईना. आणि फोनमधलं काहीही पुसू नका. मजकूर हजार रुपयांच्या भानगडीचा असला तरी तपास अडवायला तो पुसणं हा २० वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे.

बेंचवरचा

परिच्छेद वाचला होता. मला वाटलं विमानातल्या सूचनांसारखं काहीतरी असेल.

मिसळीचा_तर्रीवाला

अवांतर होतंय, हलकं घ्या, पण यात मीरा रोडवाल्यांचा संबंध असणारच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते, पोरं अमेरिकन टॅक्स अधिकारी बनून बोलत होती. माझ्या आतेभावाच्या बिल्डिंगसमोरच.

दिवाणी_फौजदारी

अवांतर नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने टेक्सासमध्ये अशाच धंद्याबद्दल ६१ जणांवर आणि कंपन्यांवर आरोप उघड केले. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरं होती. जे भारतात होते ते बहुतेक तिकडच्या कोर्टाच्या हाती लागले नाहीत. अमेरिकेत पैसे गोळा करणारे मात्र सापडले, आणि २०१८ मध्ये त्यांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी २० वर्षांची.

सडेतोड

म्हणजे २० खरंच होतात तर.

ओहायोतला_वाईकर

होतात. म्हणूनच मोजणी महत्त्वाची. त्यावर नंतर लिहितो, आज जेलच्या टॅब्लेटवरून त्याचा फोन आहे, पंधरा मिनिटांचा.

दुभाषी_परदेशी

वाईकर, थांबा! त्या फोनवर केसबद्दल एक अक्षर नको. वकिलाचा सोडून प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. मराठीत बोललो तर कोणाला कळतंय, असं समजू नका. त्या रेकॉर्डिंगचं भाषांतर करायला माझ्यासारख्यालाच बोलावतात. एका पोराने बापाला साताऱ्याच्या ठेक्यात सांगितलं होतं, "त्या गण्याला म्हणावं मोबाइल विहिरीत टाक." पानभर तळटीप लिहावी लागली विहिरीवर. विहीर नव्हतीच, म्हणजे 'नाहीसा कर', हे समजावताना.

ओहायोतला_वाईकर

बापरे. पहिल्या आठवड्यात बोललोय आम्ही. आजपासून फक्त जेवण आणि क्रिकेट.

मिसळीचा_तर्रीवाला

जामीन का नाही मिळाला? आपल्याकडे तर एव्हाना दोन जामीनदार उभे करून बाहेर आला असता.

ओहायोतला_वाईकर

मिळू शकला असता. इथे जामिनाला बहुधा पैसे भरावे लागत नाहीत, नातेवाइकांनी सही करून हमी घ्यायची, पासपोर्ट जमा, पायात ठावठिकाणा सांगणारा पट्टा. मी सही करायला तयार होतो. पण वकीलबाईंनी वेगळंच समजावलं. कॉलेज सुटलं म्हणजे विद्यार्थी व्हिसा गेला. कोर्टाने सोडलं की दारातच इमिग्रेशनवाले उचलणार. त्यांच्या कोठडीतले दिवस शिक्षेत सहसा धरले जात नाहीत. फेडरल कोठडीतले धरले जातात. म्हणजे जामीन मिळवून बिनमोजणीची कोठडी घ्यायची की मोजणीची? त्याने स्वतः निर्णय घेतला. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये अर्धा तास गाडीत बसून राहिलो.

वकिलातीलाही कळवलं होतं. अटक झालेल्या परदेशी माणसाचा तो हक्कच आहे. फोन उचलला, सौजन्याने बोलले, वकिलांची यादी पाठवली. ताई म्हणाली, "वकिलात आहे तर वकील का देत नाहीत?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

नागपुरी_संत्रा

देवयानी खोब्रागडेंच्या वेळी अख्खं सरकार उभं राहिलं होतं की.

दिवाणी_फौजदारी

त्या राजनैतिक अधिकारी होत्या, तुलना करू नका. पण ते प्रकरण शिकण्यासारखं आहे. घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात खोटी माहिती दिल्याचा आरोप, १२ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये अटक, मार्शलांनी कपडे उतरवून झडती घेतली आणि भारतात आग लागली. आरोप नाकारले त्यांनी. ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र आलं ९ जानेवारीला. दिवस मोजा, २८. कारण अटकेनंतर ३० दिवसांत ते यावं लागतं. मार्चमध्ये कोर्टाने ते रद्द केलं, का, तर आरोपपत्राच्या दिवशी त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण होतं. लोकांनी पेढे वाटले. दोनच दिवसांनी सरकारने नवं आरोपपत्र आणलं. रद्द होणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, हे आमच्याकडच्या अशिलांनाही सांगून तोंड दुखतं.

नागपुरी_संत्रा

ग्रँड ज्युरी म्हणजे खटलाच ना?

दुभाषी_परदेशी

नाही हो. १६ ते २३ सामान्य माणसं बंद खोलीत बसतात, सरकार पक्ष आपली बाजू मांडतो, १२ जणांनी मान डोलावली की आरोपपत्र. आरोपीचा वकील त्या खोलीत पाऊलही ठेवू शकत नाही. आम्ही दुभाषी मात्र साक्षीदारासाठी जाऊ शकतो. बिस्किटं बरी असतात.

सडेतोड

मग खटला लढवा ना ज्यूरीपुढे. एवढा विश्वास असेल तर.

दुभाषी_परदेशी

२०१८ मध्ये फेडरल कोर्टांत ८०,००० च्या आसपास आरोपी होते. त्यातले ९० टक्के गुन्हा कबूल करून मोकळे झाले. खटल्यापर्यंत गेले २ टक्के. सुटले त्याहून कितीतरी कमी. हे आपल्या 'तारीख पे तारीख' डोक्यात बसत नाही. साक्षीदार फुटेल, फाइल हरवेल, जजची बदली होईल, असं काही इथे होत नाही. पुरावा जमल्यावरच बहुधा अटक होते.

मिसळीचा_तर्रीवाला

मग वकिलाचं काम काय उरलं? कबूलच करायचं तर मीही करून देतो.

ओहायोतला_वाईकर

तर्रीवाले, हाच प्रश्न मी वकीलबाईंना विचारला होता. त्या जेलमध्ये खेळाचे बूट घालून यायच्या, हातात पिवळं पॅड. भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो मांस खातोस का हा. तो शाकाहारी. आठ दिवस पाव आणि सफरचंदावर होता, ते आधी जेलरला सांगून बदलून घेतलं. मग पॅडवर तीन रकाने आखले: तू काय म्हणालास, तुझा फोन काय म्हणतो, ते काय सिद्ध करू शकतात. तिसऱ्या रकान्यात त्या बराच वेळ काहीच लिहीत नव्हत्या.

आता आकडे. शिक्षेचे महिने अंकांवरून काढायचं जे गाइडलाइनचं पुस्तक असतं, त्याच्या आमच्या वेळच्या आवृत्तीप्रमाणे सांगतो, कुणी तेच धरून बसू नका. अशा फसवणुकीची सुरुवात ७ अंकांपासून. मग नुकसान किती त्याप्रमाणे वर चढायचं. सरकार पक्ष म्हणाला, टोळीने २० लाख डॉलर लुटले, हा टोळीत होता, सगळे याच्या नावावर. त्याचे १६. पीडित वृद्ध, त्याचे २. झाले २५. गुन्हा कबूल केल्याचे ३ वजा. २२. पहिलाच गुन्हा असेल तर २२ म्हणजे ४१ ते ५१ महिने.

बाईंनी चार महिने एकाच गोष्टीवर घालवले: याने कशात हात घालायचं मान्य केलं होतं? त्याच्या तीन खोक्यांचे मिळून होतात १,६२,००० डॉलर. बाकीची खोकी कोणी, कुठे उचलली हे याला माहीतही नव्हतं, फोनमध्ये त्याचा मागमूस नाही. तपासनिसाने प्रत्येक फेरीचा पत्ता, वेळ, मेसेज नकाशावर लावून दाखवला. शेवटी सरकारने मान्य केलं. १६ चे १० झाले. ७ अधिक १० अधिक २, १९. कबुलीचे ३ वजा, १६. नुसता हमाल होता म्हणून आणखी २ कमी करा हा वाद जजपुढे आहे. मिळाले तर १४, म्हणजे १५ ते २१ महिने. नाही मिळाले तर २१ ते २७.

२०२३ पासून पहिल्या गुन्ह्याला आणखी २ अंकांची सूट आहे. ती आपल्याला मिळेल म्हणून मी खूश झालो होतो. पण पीडित वृद्ध म्हणून ते २ वाढले ना, त्यामुळे ही सूटच बाद. मावशी, मला तुमच्या शेजारीण बाई आठवल्या. तक्रार करवेना.

ॲरिझोनाची_मावशी

पैसे परत मिळतात का हो त्यांना?

ओहायोतला_वाईकर

कायद्याने भरपाई सक्तीची आहे, १९९६ पासून. आणि ती 'सगळ्यांनी मिळून आणि प्रत्येकाने' अशी असते. म्हणजे बाकीचे सापडले नाहीत, तर पूर्ण १,६२,००० याच्याच डोक्यावर. याने तीन फेऱ्यांत २,४०० डॉलर कमावले. भावजींनी वीस गुंठे पुन्हा काढलेत, यावेळी त्यासाठी. सडेतोड, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे झालं बघा.

सडेतोड

मी रागात लिहिलं होतं. जमीन विकून किती येईल?

ओहायोतला_वाईकर

सगळं नाही येणार. निम्मंही नाही. पण निकालाआधी काही रक्कम कोर्टात भरली तर जज बघतो, असं बाई म्हणाल्या.

दिवाणी_फौजदारी

ते पुस्तक २००५ पासून जजवर बंधनकारक नाही ना? शेअरची आतली माहिती फोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या रजत गुप्तांच्या वेळी वाचलं होतं.

दुभाषी_परदेशी

बरोबर. २०१२ मध्ये गुप्तांचा हिशेब ७८ ते ९७ महिन्यांचा निघाला होता, जजने २४ दिले. पण जजने पुस्तकापासून दूर जावं म्हणून कारण लागतं, आणि ते कारण वकिलाला समोर आणून ठेवावं लागतं. एक लक्षात ठेवा, फेडरलमध्ये पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका, नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सुटतात.

@वाईकर, परत पाठवणीचं बोललात का त्याच्याशी?

ओहायोतला_वाईकर

बोललो. फसवणुकीत १०,००० डॉलरच्या वर नुकसान असलं की हद्दपारी जवळपास ठरलेलीच. वकिलाने हे आधी सांगितलंच पाहिजे असा २०१० चा निकाल आहे, बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो भारतात परत येणार, आणि पुन्हा अमेरिकेत पाऊल ठेवणार नाही. ताईला यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं.

*(सहा आठवड्यांनंतर)*

ओहायोतला_वाईकर

धागा वर काढतोय. परवा कबुलीची सुनावणी झाली. जज तासभर प्रश्न विचारत होत्या. शिक्षण किती, गेल्या २४ तासांत काही औषध घेतलंत का, कोणी धमकी दिली का, वकिलाच्या कामावर समाधानी आहात का. तो प्रत्येकाला "यस, युअर ऑनर" म्हणत होता. औषधाच्या प्रश्नालाही "यस" म्हणाला. सगळे थांबले. सर्दीची गोळी निघाली.

दुभाषी_परदेशी

दर महिन्याला एक गोळी निघते. ते ठीक. माझ्या एका सुनावणीत काका म्हणाले, "वकिलाने सांगितलं सही कर, म्हणून केली." जजनी फाइल मिटली, सुनावणी तिथेच संपली, दीड महिना पुढे गेली.

आता शिक्षेआधी जजसाठी अहवाल लिहिणाऱ्या प्रोबेशनवाल्यांची मुलाखत असेल. वकील शेजारी असल्याशिवाय नको.

ओहायोतला_वाईकर

झाली. त्या अहवालावर हरकती घ्यायला १४ दिवस आहेत, बाई त्यात बसल्यात. एक प्रश्न आहे. घरच्यांची पत्रं जजला द्यायचीत. ताईने मराठीत लिहिलंय, चार पानं. इंग्रजीत लिहवून घेऊ का कोणाकडून?

दुभाषी_परदेशी

नको. मराठीतच राहू दे, सोबत भाषांतर जोडा. दुसऱ्याने लिहून दिलेलं गुळगुळीत इंग्रजी जज दिवसाला दहा वाचतात. पत्रावर नाव जजचं, पण पाठवायचं वकिलाकडे, थेट कोर्टात नाही. आणि 'माझा मुलगा निर्दोष आहे' असं कुठे असेल तर ते मात्र काढायला सांगा. त्याने कबुली दिलीय. आईने नाकारलं तर त्या ३ अंकांवर गदा येईल अशी शंका सरकार पक्षाला कशाला द्यायची?

ओहायोतला_वाईकर

निर्दोष असं कुठे नाही. दीड पान त्याच्या बारशाचं आहे. घाटावर अचानक पाऊस आला, पाळणा भिजला, मग शेजारच्या काकूंच्या ओटीवर नाव ठेवलं, असं सगळं. शेवटी 'त्या आजींना माझा नमस्कार सांगा, मला त्यांचं नाव माहीत नाही' असं एक वाक्य आहे. बारसं कापू का?

दुभाषी_परदेशी

राहू द्या. पाळण्यासाठी मी शब्द शोधतो.

ॲरिझोनाची_मावशी

आणि ते शेवटचं वाक्य तसंच्या तसं.